चौदा-ब ची जागा

काका अकराला पत्र घेऊन येणार होते, आणि साडेदहापासूनच घरात दवाखान्यातला रिपोर्ट यायचा असल्यासारखी शांतता होती. बाबा हॉलमधल्या खुर्चीत ताठ बसून चष्मा पुसत होते. पुसून झाला की डोळ्यांना लावायचे, खिडकीबाहेर बघायचे, आणि पुन्हा काढून पुसायला घ्यायचे. आई खराटा घेऊन मागच्या दारानं बाहेर पडल्या होत्या. झाडून खरं तर सकाळीच झालं होतं.

धाकटीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना जाताना पाहिलं. कडेवर लेक होती, तिच्या हातात चमचा, आणि चमच्यातलं निम्मं धाकटीच्या खांद्यावर. या घरात लग्न होऊन आल्याच्या दिवसापासून सासूबाई तिला धाकटी म्हणत आल्या होत्या. मग थोरली कोण, हे तिनं कधी विचारलं नाही. थोरली कधी या घरात आलीच नव्हती. म्हणजे आली होती, एकदाच, पाय प्लॅस्टरमध्ये घालून, पाऊण तासासाठी.

घरामागं भिंतीलगत गाड्यांच्या जागांची रांग होती. बहुतेक घरांना दोन-दोन जागा, पुढची अ आणि मागची ब. चौदा-अ मध्ये बाबांची जुनी गाडी उभी असायची. चौदा-ब चार वर्षं मोकळीच. तिच्या मधोमध तेलाचा एक काळा डाग होता, ताटलीएवढा, थोरल्या मुलाच्या गाडीतून गळलेला. बाबा दरवर्षी सगळ्या रांगेच्या पांढऱ्या रेघा नव्यानं मारायचे आणि मारण्याआधी सगळ्या जागांवरचे डाग सोड्यानं घासून काढायला लावायचे. हा एक डाग सोडून. आई रोज त्या डागाभोवतीनं झाडायच्या. झोपलेल्या माणसाच्या अंथरुणाभोवतीनं झाडतात ना, तसं.

आणि धाकटीची स्वतःची गाडी? ती पार पंपघराजवळ, पाहुण्यांच्या रांगेत. घरापासून दोनशे अकरा पावलं. तिनं मोजली होती, एका हातात पोर, दुसऱ्या हातात तापाचं औषध आणि खांद्यावर पिशवी असताना. पाहुण्यांच्या रांगेत एका जागी तीन दिवसांच्या वर गाडी ठेवायची नाही, म्हणून तिचा नवरा दर तिसऱ्या दिवशी ती एका जागेतून काढून शेजारच्या जागेत लावायचा. न लावून सांगतो कुणाला? बाबा रोज सकाळी खडू घेऊन फिरायचे. टायर जिथं जमिनीला टेकतो तिथं एक आडवी रेघ, खाली तारीख. तिसऱ्या दिवशी रेघ तिथंच दिसली की नोटीस. सख्ख्या मुलाच्या टायरवरही तीच रेघ.

नवरा वर्षातून दोनदा विषय काढायचा. बाबा, मागची जागा रिकामीच आहे, आम्ही लावतो तिथं. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं.

"ती जागा रिकामी नाही. तिथं गाडी नाही, एवढंच."

बाबा उभं आयुष्य मोजणी खात्यात होते. लोकांच्या बांधांची भांडणं साखळी टाकून सोडवायची, आणि मग दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर सोसायटीनं पार्किंगचं काम त्यांच्या गळ्यात टाकलं आणि त्यांनी ते हारासारखं मिरवलं. नियम त्यांनीच लिहिले, एकूण सतरा. नोटिसा स्वतःच्या हातानं लिहायचे, खाली कार्बन घालून, नकाशावर गावांची नावं लिहितात तशा उभ्या अक्षरांत. सोसायटीत म्हणायचे, बाबांना माणसं ओळखू येत नाहीत, नंबरप्लेटी येतात.

त्या सतरांतला चौथा नियम असा की आग विझवणाऱ्या बंबाच्या वाटेत गाडी क्षणभरही उभी करायची नाही. चार वर्षांपूर्वी थोरल्यानं ती उभी केली होती. तो त्या मुलीला पहिल्यांदा घरी घेऊन आला होता. तिचा पाय मोडलेला, म्हणून त्यानं गाडी दारापर्यंत आणली, तिला आधार देत आत नेऊन बसवलं. बाबा तेव्हा फेरीवर होते. त्यांनी आधी चाकाला जॅमर लावला आणि मग पाहुणीला भेटायला आत आले. पाऊण तास ती मुलगी प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवून चौथा नियम ऐकत बसली. शेवटी दोघं रिक्षानं गेली. दुसऱ्या दिवशी थोरला एकटा आला, बाबांच्या पार्किंगच्या वहीत सही केली, गाडी सोडवून घेतली आणि निघाला. ती सही अजून वहीत आहे. त्यानंतर त्याचं या घरात काहीच नाही.

हे सगळं धाकटीनं ऐकलेलं. थोरल्या दिरांना तिनं फोटोतच पाहिलं होतं.

म्हणजे गुरुवारपर्यंत फोटोतच.

काका आले ते अकराला पाच कमी असताना. बाबांचे धाकटे भाऊ, समोरच्या ओळीत राहणारे, दातांचे डॉक्टर आणि सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्याबरोबर नणंदही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. घरात काही शिजत असलं की ताईंना तीन स्टॉपवरूनही वास लागतो, असं धाकटीचा नवरा म्हणायचा. आई हात धुऊन आत आल्या आणि दाराशीच, खाली पाटावर बसल्या. धाकटीनं चहा ठेवला.

काकांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि पेशंटशी बोलायच्या आवाजात सुरुवात केली. थोडं लागेल, पण लवकर संपेल. बावीस नंबरवाल्यांनी अर्ज केला होता. त्यांची आई चाकाच्या खुर्चीवर आहे, आणि त्यांना दुसरी जागा मिळालेली नाही. अर्जात त्यांनी नववा नियम लिहिला होता: ज्या जागेत बारा महिने त्या घरची गाडी उभी राहिली नाही, ती सोसायटीकडे परत जाते आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला मिळते.

"नियम कुणी लिहिलाय माहितीये ना, दादा?" काका म्हणाले.

"मला विचारतोस?"

"नाही, सांगतोय. मी सहा महिने अर्ज दाबून ठेवला. आता कमिटी मलाच विचारतेय की भावासाठी वेगळा नियम आहे का."

बाबांनी पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. घडी घातली. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

मग वाट काढली ती काकांनीच. धाकट्याची गाडी आज, आत्ता, मागं आणून लावायची. काका संध्याकाळी येऊन फोटो काढतील. घरची गाडी जागेत आहे म्हटल्यावर नववा नियम लागत नाही, आणि बावीसवाल्यांसाठी पंपघराजवळ काहीतरी बघता येईल.

नवऱ्यानं धाकटीकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो लपवायचा प्रयत्न होता, आणि दोन्ही सपशेल दिसत होतं. दोनशे अकरा पावलं. त्याऐवजी अकरा. पावसात, तापात, झोपलेलं पोर न उठवता. ताई आधी म्हणाल्या की हे बरं दिसत नाही, थोरल्या दादाची जागा आहे. मग धाकटीच्या कडेवरच्या पोरीकडं बघून म्हणाल्या की शेवटी घरातच राहतेय ना जागा, आणि दादा आला तर दोन मिनिटांत काढता येते की गाडी. पाच मिनिटांपूर्वी ज्या ताई थोरल्याच्या बाजूला होत्या, त्या आता काकांच्या बाजूला बसल्या होत्या, खुर्ची न हलवता.

"हे खोटं होईल," बाबा म्हणाले. "बारा महिने जागा वापरात नव्हती. आज गाडी लावून ती वापरात होती असं म्हणायचं?"

"दादा, सगळं जग करतं."

"म्हणून तर नियम लिहावे लागतात."

मग दाराशी बसलेल्या आई बोलल्या, कुणाकडंही न बघता.

"देऊन टाका बावीसवाल्यांना. त्यांची म्हातारी उतरेल तिथं. कुणीतरी उतरेल."

तिला हवं ते समोर ताटात वाढून ठेवलेलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. नवरा बाबांना समजावणार, काका फोटो काढणार, आणि उद्या सकाळी ती अकरा पावलांत गाडीपाशी. गेले तीन दिवस ती गप्पच होती, अजून थोडं राहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

पण आई तिच्या डोळ्यांसमोर रोज त्या डागाभोवतीनं झाडायच्या.

"बाबा," ती म्हणाली, "गुरुवारची नोटीस आहे ना, त्या राखाडी गाडीची. वही आणता?"

बाबांनी भुवया वर केल्या. वही त्यांच्या हाताशीच होती, नेहमीसारखी. गुरुवारचं पान उघडलं. चौदा-ब मध्ये बाहेरची गाडी, परवानगी नाही, वेळ अकरा वाजून दहा मिनिटं, खाली नंबर.

त्या दिवशी काय झालं ते तिनं सांगितलं. सांगताना तिनं पोरीला उगाच दुसऱ्या कडेवर घेतलं. ती खिडकीत उभी राहून हिला भरवत होती. राखाडी गाडी आली आणि सरळ चौदा-ब मध्ये शिरली, मागंपुढं न करता, रोजची सवय असल्यासारखी. एक माणूस उतरला. घराकडं आला नाही. रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि कोपऱ्यावर फोन कानाला लावून पाठमोरा उभा राहिला. धाकटीला राग आला. आम्ही घरचे तिकडं पंपघरापाशी, आणि कोण कुठला येऊन इथं लावतो. म्हणून तिनं बाबांना हाक मारली. हे तिनं स्पष्ट सांगितलं. ते तिला सांगायचंच होतं.

"मीच सांगितलं तुम्हाला. आपल्या जागेत कुणाची तरी गाडी लागलीय म्हणून. तुम्ही मागच्या दारानं गेलात, नोटीस वायपरखाली लावलीत आणि आत आलात."

"मग?"

"मग तो माणूस परत आला. त्यानं नोटीस काढून वाचली. उभ्याउभ्या बराच वेळ वाचत होता. त्यात वाचायला असतं काय एवढं, असं मला वाटलं. मग गाडीच्या टपावर पेरांनी दोनदा टकटक केलं आणि बसून निघून गेला."

बाबांचा हात वहीवर होता. तो तसाच राहिला.

गाडीत चढता-उतरताना टपावर दोनदा टकटक करायची सवय या घरात एकाच माणसाला होती, बाबांना. नवरा करायचा नाही. त्या गुरुवारी संध्याकाळी बाबा दूध घेऊन आले, त्यांनी चौदा-अ मध्ये गाडी लावली, आणि टपावर टकटक ऐकून धाकटीच्या हातातलं भांडं ओट्यावर पडलं होतं. मग तिनं अल्बम काढून फोटो पाहिला होता. केस कमी झालेत, अंग सुटलंय. पण खांदे तेच.

"तीन दिवस बोलली नाहीस?" ताई म्हणाल्या.

"नाही बोलले."

"का गं?"

उत्तर अकरा पावलांचं होतं. ताईंनी पुढं विचारलं नाही. धाकटीला वाटलं त्यांना ते कळलं असावं. नवरा खाली मान घालून टेबलाच्या कडेवर नखानं काहीतरी उकरत होता.

बाबा वहीकडं बघत राहिले. मग त्यांनी अगदी वेगळंच विचारलं.

"तो कोपऱ्यावर किती वेळ उभा होता?"

"मी हाक मारायच्या आधी पाच मिनिटं. नंतर पंधराएक असेल."

"बाहेरच्या गाडीला अर्धा तास द्यायचा असतो," बाबा म्हणाले. "सहावा नियम. मी दिला नाही. चौदा-ब होती म्हणून दिला नाही."

अकरा वर्षांत या माणसानं स्वतःविरुद्ध नोंदवलेली ही पहिलीच तक्रार होती.

आई पाटावरून उठल्या आणि धाकटीसमोर येऊन उभ्या राहिल्या. ओरडतील असं तिला वाटलं. तिनं तयारीही केली होती.

"नोटीस फेकली त्यानं?"

"नाही. घडी घालून वरच्या खिशात ठेवली."

"वरच्या?"

"शर्टाच्या."

आईंनी मान हलवली. आणि धाकटीकडं अजून एक गोष्ट होती, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. ती आयांनाच दिसते अशी होती. बाकीच्यांना गाडी दिसते.

"आई, मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती."

ताईंनी तोंडावर हात ठेवला. काकांनी कपाळावरून चष्मा डोळ्यांवर ओढला, जणू आता ती खुर्ची त्यांना दिसणार होती.

"मूल होतं आत?"

"नाही. नुसती खुर्ची. पण उलटी बांधलेली, मागं तोंड करून. आपण हिची मागच्या महिन्यात फिरवली ना, तशी अजून फिरवलेली नव्हती. म्हणजे वर्षाच्या आतलं असणार."

"मुलगा की मुलगी?" आईंनी विचारलं.

"ते नाही कळलं."

"काही रंगाबिंगावरून..."

"खुर्ची काळी होती, आई. गाडीच्या मागच्या काचेखालच्या फळीवर एक मोजा पडला होता. पिवळा. एवढासा."

तिनं दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. आईंनी तिची ती दोन बोटं आपल्या हातात घेतली आणि अंतर न मोडता तशीच धरून ठेवली. या घरात आल्यापासून सासूनं तिला जवळ घेतल्याचं धाकटीला आठवत नव्हतं. हेही जवळ घेणं नव्हतं. पण बोटं सोडवून घ्यायला तिलाही नको वाटलं.

काकांनी घसा साफ केला. सेक्रेटरी म्हणून त्यांना विचारणं भाग होतं. ती गाडी थोरल्याची असेल तर ती घरची गाडी झाली, आणि घरची गाडी गुरुवारी खरोखरच जागेत उभी होती, म्हणजे नववा नियम लागत नाही. फक्त नोटीस चुकीची होती असं लेखी हवं. आणि बाबांनी आजवर एकही नोटीस मागं घेतलेली नाही, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

बाबांनी पेन उघडलं. गुरुवारच्या नोंदीवर एकच तिरकी रेघ मारली, पट्टी न लावता, आणि शेजारी उभ्या अक्षरांत लिहिलं: रद्द. गाडी घरची. खाली सही केली. सही करून झाल्यावर चार वर्षांपूर्वीचं पान उघडून दोन सह्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या आणि वही मिटली.

"आणि बावीसवाल्यांची म्हातारी?" आई म्हणाल्या.

"चौदा-अ द्या त्यांना. पुढची जागा आहे, खुर्चीला सोपं पडेल. माझी गाडी पाहुण्यांच्या रांगेत जाईल."

"तिथं तीन दिवसांची मुदत आहे, बाबा," नवरा पहिल्यांदाच बोलला. "तुमच्या टायरवर खडू कोण लावणार?"

"मीच लावणार. आणि तिसऱ्या दिवशी तू मला आठवण करायची. विसरलो तर नोटीस लिही."

"तुमचं अक्षर कुठून आणू?"

बाबा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीला काहीतरी झालं. काकांनी थंड झालेला चहा घोटात संपवला आणि पत्र खिशात घातलं. त्यांचं काम झालं होतं, पण ते उठले नाहीत. ताई वहीतला त्या गाडीचा नंबर आपल्या फोनमध्ये उतरवून घेत होत्या. बाबांनी पाहिलं. पार्किंगची वही दुसऱ्या कुणाला बघू न देणाऱ्या माणसानं ती ताईंकडं थोडी सरकवली.

मग ते उठले. खडू घेतला, मापाची टेप घेतली.

"धाकटे, तुझी गाडी मागं आण. चौदा-ब मध्ये."

सगळे बघत राहिले. धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"लावायला नाही," बाबा म्हणाले. "मोजायला. मूल खुर्चीतून काढताना दार किती उघडावं लागतं ते मला माहीत नाही. आमच्या वेळी मुलं मांडीवर असायची."

ती पंपघरापर्यंत चालत गेली. पावलं मोजली नाहीत. गाडी मागं आणून ती त्या डागावर उभी केली, तीन वर्षं जिच्यासाठी ती मनात चडफडली होती त्या जागेत, आणि तिला चोरी करत असल्यासारखं वाटलं. पोरीला खुर्चीत बसवून पट्टा लावला, मग बाबांनी सांगितल्यावर दार पूर्ण उघडून, वाकून, पट्टा सोडून तिला बाहेर काढलं. पुन्हा बसवलं. पुन्हा काढलं. पोरीला हा खेळ वाटला आणि ती खिदळायला लागली. बाबा गुडघ्यावर बसले होते. दाराच्या कडेखाली त्यांनी जमिनीवर खडूची खूण केली. शेजारच्या तेरा-ब शी तीन बोटांवरून भांडण होईल, असं काका म्हणाले. बाबा म्हणाले, तेरा-ब मध्ये स्कूटर असते, तीन बोटं दिली तर मरत नाही.

"पिशवी पण असते ना मुलाची?"

"असते. मोठी."

"मग अजून चार बोटं."

त्यांनी दुसरी रेघ ओढली, लांब, भिंतीपासून जागेच्या तोंडापर्यंत, दोरी न लावता. ती थोडी वाकडी आली. त्यांनी ती पुसली नाही.

"काढ आता," ते म्हणाले.

धाकटीनं गाडी मागं घेतली. चाकांखालून तो काळा डाग पुन्हा उघडा झाला, जिथल्या तिथं. ती गाडीतच बसून राहिली, इंजिन चालू ठेवून. काचेतून तिला दिसलं की बाबा मोकळ्या जागेत डागाशेजारी उभे राहिले आहेत. त्यांनी उजवा हात पुढं केला, मूठ मिटली, आणि नसलेलं दार सावकाश, पूर्ण उघडून पाहिलं. नव्या रेघेपर्यंत.

आई खराटा घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्या एक पाऊल मागं सरकल्या, दाराला वाट म्हणून.